नाना पेठ, पुणे: यामाहा आरएक्स १००ची जुनी मोटोक्रॉस (मातीतल्या रेसची) गाडी घरी दुरुस्त करून उभी करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाही, गाड्यांच्या पार्टच्या अख्ख्या बाजाराचा आहे, कारण टू-स्ट्रोक डर्ट गाडी घरी करायची तर एक दुकान पुरतच नाही, क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनचा दांडा) एकाकडे, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) दुसऱ्याकडे, स्पोक तिसऱ्याकडे, रबर पार्ट चौथ्याकडे, आणि हे सगळं पायी फिरून होतं अशी पुण्यात जागा म्हणजे नाना पेठ.

आता गाडीबद्दल. बाहेरच्या देशात व्हिंटेज मोटोक्रॉस म्हटलं की होंडा एल्सिनोर, सीझेड, हस्कवार्ना अशी नावं घेतात. आपल्याकडे त्या साध्या माणसाच्या हाताला लागल्याच नाहीत, आपली पोरं मातीत उतरली ती रस्त्यावरच्या यामाहा आरएक्स १०० आणि टीव्हीएस-सुझुकी शोगन घेऊन, हेडलाइट काढला, मडगार्ड उडवलं, चेसिसला जोड मारले, रुंद हँडल आणि बटन टायर टाकले की झाली रेसची गाडी. माझ्यासाठी हीच आपली व्हिंटेज मोटोक्रॉस आहे आणि ती तेवढ्याच मानाने जपली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आरएक्स १०० आली १९८५ला, बंद झाली १९९६ला, इंजिन ९८ सीसी, बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी, पॉवर ११ बीएचपी, आणि इंजिन इतकं सरळ की मॅग्नेट पुलर, क्लच होल्डर आणि चांगला पान्यांचा सेट असेल तर घरच्या पार्किंगमध्ये पूर्ण खुलतं.

खोलणं आणि जोडणं घरी होतं पण क्रँक प्रेस करणं आणि बोअर मारणं घरी होत नाही, आणि नाना पेठेचे चार स्टार याच दोन कामांचे आहेत. लेथवाले काका लोक तिथे वर्षानुवर्षं टू-स्ट्रोकचंच काम करतायत. मी गेलो ते काका क्रँक हातात घेतल्या घेतल्या रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली ओढून बघतात, मग सेंटरवर लावून डायल गेजने आउट, म्हणजे क्रँक फिरताना किती डगमगते ते दाखवतात, आणि विचारलं तर नीट समजावून सांगतात. नवीन रॉड किट टाकून क्रँक परत प्रेस झाली की आउट तुमच्या डोळ्यासमोर मोजून घ्या, मी ०.०३ मिमीच्या आत असेल तरच उचलतो, त्यापेक्षा जास्त असेल तर सरळ सांगतो काका अजून एकदा ठोका, आणि ते न कुरकुरता ठोकून देतात. रेसची गाडी सारखी वरच्या आरपीएमला फिरते, तिथे हा आउट बेअरिंग आणि ऑइल सील (क्रँकवरची रबरी कडी) दोन्ही खातो.

बोअरचं सांगतो. पिस्टन आधी विकत घ्या आणि पिस्टन घेऊनच बोअरवाल्याकडे जा. ५०.२५, ५०.५० असे ओव्हरसाईज मिळतात पण दोन कंपन्यांचे एकाच साईजचे पिस्टन मापाला तंतोतंत सारखे नसतात, म्हणून बोअर पिस्टनच्या मापावर मारायचा, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही. आणि बोअर, होनिंग (आतून बारीक घासणं) झालं की पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा घासून घ्यायच्या, हे सांगितल्याशिवाय सगळीकडे करतातच असं नाही, कड धारदार राहिली तर रिंग त्यात अडकते आणि मग पिस्टन, बोअर सगळंच जातं. चांगला माणूस बोट फिरवून कड दाखवतो, तोच आपला माणूस समजा.

कापलेला एक स्टार आता. तो डुप्लिकेट मालाचा. एका दुकानात मला ओरिजिनल म्हणून दिलेले क्रँकचे सील घरी आणून बघितले तर ओठ (क्रँकला चिकटणारी कड) कडक आणि आतली स्प्रिंग सैल. सीलची किंमत फार नसते पण टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजेच पंप, हवा-पेट्रोल आधी खाली येतं आणि तिथून दाबाने वर जातं, त्यामुळे डाव्या बाजूला मॅग्नेटमागचं सील लीक असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मिक्स्चर लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि गाडी ऐन रेसमध्ये सीज होते (पिस्टन अडकतो). उजव्या क्लचकडच्या बाजूला लीक असेल तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर आणि ऑइल कमी कमी होत जातं. लोक जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक नळी) बदलत बसतात, कार्ब्युरेटरला शिव्या घालतात, आणि दुखणं असतं सीलचं. म्हणून सील, बेअरिंग आणि पिस्टन या तीन गोष्टींत स्वस्तात जाऊ नका, दुकानात उभं राहूनच पाकीट फोडा, ओठ बोटाने दाबून बघा, बिल घ्या. बाकी केबल, ग्रिप, फुटरेस्टचं रबर यात डुप्लिकेट निघालं तरी इंजिन मरत नाही.

पार्किंगचं काही खरं नाही, गाडी लांब लावून चालत या आणि जड सामान असेल तर कुणाला तरी सोबत आणा. जुना पार्ट सॅम्पल म्हणून पिशवीत पाहिजेच, तोंडी सांगितलं की आरएक्स १०० आणि आरएक्स १३५च्या पार्टमध्ये गल्लत होते. व्हर्नियर (माप घ्यायचं कॅलिपर) स्वतःचं न्या. काउंटरवरच्या दादांना माप माहीत असलेला माणूस लगेच ओळखू येतो, मग ते आतला माल बाहेर काढतात, हा फरक मी प्रत्येक वेळी बघितलाय.

मिळत नसलेल्या गोष्टींसाठी पुण्याचा जुना बाजार, जुन्या वस्तूंचा, भरतो रविवारी आणि बुधवारी. जुने ओरिजिनल साईड कव्हर, हँडल क्लॅम्प, कधी कधी बऱ्यापैकी हब. इंजिनचा आतला माल मात्र तिथून घेऊ नका, आणि चेसिस किंवा अख्खी गाडी कुणी दाखवली तर आरसी आणि चेसिस नंबर जुळल्याशिवाय पुढे बोलूच नका.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो लोकांचा पैसा जातो तिथे. पोरं आधी टाकीला पेंट, बफिंग, स्टिकर करतात, फोटोत गाडी भारी दिसते, आणि क्रँक तीच खडखडणारी. माझ्या मते क्रम असा पाहिजे की क्रँक, सील, बोअर, मग ब्रेक आणि व्हील, मग चेसिसचे जोड आणि वेल्डिंग तपासणं कारण जुन्या रेसच्या गाडीत क्रॅक तिथेच लपलेले असतात, आणि उरलेल्या पैशात रंग. टाकीवरचे पडल्याचे पोचे मी तसेच ठेवलेत, त्या गाडीने ते कमावलेत.

शेवटचं, पेट्रोल. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे त्याच जेटवर गाडी लीन चालते, मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघा. तसंच ते पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा बाऊल रिकामा करा. जेटचे सगळे नंबर नाना पेठेत सुटे मिळतात, दोन-तीन एकदमच घेऊन ठेवा.