कानाची पाळी ओघळली की फाटली: सरळ टाके, झेड-प्लास्टी की भोक राखून शिवणं?

आधी आरशात पाळीची खालची कड पाहा. कड शाबूत आहे आणि भोक नुसतं ओघळलंय, तर काम छोटं. भोकाच्या आतली कातडी काढायची आणि पुढून-मागून टाके घालायचे. आतली कातडी काढल्याशिवाय दोन्ही बाजू एकमेकींना धरतच नाहीत. पार्लरमध्ये ‘बिनटाक्याचं’ म्हणून ॲसिड लावून जोडून देतात, त्यात पाळी भाजण्याची भीती. मी तरी तिकडे फिरकणार नाही.

पाळीच्या दोन फाका झाल्या असतील तर मात्र विचार करावा लागतो.

सरळ रेषेत शिवणं सोपं आणि झटपट. पण व्रण भरताना आक्रसतो, रेघ थेट कडेपर्यंत गेलेली असते, त्यामुळे कडेला खाच पडू शकते. मोत्याची कुडी घातली की तिच्याखाली ती नेमकी डोकावते. झेड-प्लास्टीत कडेजवळ कातडीचे दोन त्रिकोणी पदर काढून त्यांची जागा बदलतात. रेघ मोडते, ओढ एका रेषेत राहत नाही, कड गोल राहते. टाके जास्त, वेळही थोडा जास्त. पूर्ण फाटलेल्या पाळीला मी हीच निवडेन.

तिसरा पर्याय भोक राखून शिवण्याचा. 1973 साली प्लास्टिक सर्जन पार्ड्यू यांनी सुचवलेल्या पद्धतीत एका बाजूची कातडी गुंडाळून भोकाला अस्तर करतात. पुन्हा टोचायला नको, म्हणून लग्नघाईत याचा मोह होतो. पण हे भोक जोडाच्या रेषेवरच येतं. खडे, टॉप्स घालणाऱ्यांना ठीक. झुमकेवाल्यांनी नादी लागू नये.

मुद्दाम ताणून मोठं केलेलं भोक असेल तर जादा कातडी कापावी लागते. पाळी लहान दिसणार, हे धरूनच चाला.

कुठलीही पद्धत घ्या, बहुधा जागेवरच भूल देतात, त्याच दिवशी घरी सोडतात आणि साधारण आठवड्याने टाके काढतात. नवं भोक दोन-तीन महिन्यांनी, तेही व्रणावर नाही, बाजूला. व्रणाला मूळ कातडीची ताकद कधीच येत नाही, तेव्हा जड कानातल्यांना वेल हवेच.

आधी कान टोचल्यावर किंवा कुठल्या जखमेवर जाड गाठ आली होती का? हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. पाळी ही केलॉइडची, म्हणजे अशा वाढत जाणाऱ्या जाड व्रणाची, आवडती जागा. अशांनी पुन्हा टोचण्यापेक्षा प्रेसची कानातली बरी.