ईमचं सेंट लॉरेन्स चर्च: पाचपैकी साडेचार

लेकीकडं इंग्लंडात शेफील्डला राहायला गेले होते, तेव्हा जावयांनी बसनं या गावाला नेलं. नाव वाचायला गेलं तर ‘ईयाम’, पण तिथले म्हणतात ‘ईम’. डर्बीशायरच्या डोंगरातलं छोटंसं गाव.

नुसती इमारत बघायची तर आवारात आठव्या शतकातला कोरीव क्रॉस आहे, भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ आहे. पण तेवढ्यासाठी एवढ्या लांब कोण जातं? लोक येतात ते प्लेगच्या गोष्टीसाठी.

१६६५ साली इथल्या शिंप्याकडं लंडनहून कापड आलं, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेगही आला असं मानतात. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी, पदावरून काढलेले आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांना बरोबर घेऊन, गावाला पटवलं: कुणी शीव ओलांडायची नाही. चर्च बंद, प्रार्थना बाहेर दरीत, लांब लांब उभं राहून. मयत ज्याची त्यानं पुरायची. शिवेवरच्या दगडाला भोकं आहेत, बाहेरचे लोक तिथं अन्न ठेवून जायचे, त्याचे पैसे रोग पसरू नये म्हणून त्या भोकांत व्हिनेगर घालून ठेवायचे. सुमारे २६० माणसं गेली. मॉम्पेसन यांची बायको कॅथरिनही गेली, तिची कबर आवारातच आहे. दोन लेकरं मात्र त्यांनी आधीच बाहेरगावी धाडली होती. हे मला खटकलं. जावई म्हणाले, “आई, तुम्ही काय केलं असतं?” मी गप्प बसले.

माझी आजी सांगायची, घरात उंदीर मरून पडला की प्लेग आला समजून आपल्याकडं अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. आपली माणसं गाव सोडून जगली, यांनी गाव न सोडता बाहेरच्यांना जगवलं. मी इस्लामपूरची. २०२० च्या मार्चमध्ये आमचं गाव सील झालं, तेव्हा दूधवाला बांबूपलीकडं पिशवी ठेवून मागं सरायचा. त्यामुळं तो भोकांचा दगड मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

चर्च बघून लगेच परत फिरू नका. गावाबाहेर चढावर रायली कबरी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉकनं आठ दिवसांत नवरा आणि सहा पोरं तिथं स्वतःच्या हातानं पुरली. अर्धा स्टार कापला तो त्या चढासाठी, चूक माझ्या गुडघ्यांची.

जमलं तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी जा. गाव त्या दिवशी गेलेल्यांची आठवण काढतं. त्याच सुमाराला विहिरींपाशी ओल्या मातीवर फुलांच्या पाकळ्या दाबून चित्रं करतात, आपल्या रांगोळीसारखी. आमची तारीख हुकली.