पाच तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन, आठ महिने रोज वाजवल्यावर

ऑर्डर देऊन बनवून घेतलं, आठ महिने रोज वाजवलं, आणि मगच लिहायला बसलोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी दोन स्टार दिले असते आणि ते चुकलं असतं. आता साडेचार देतोय, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी माझं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय हे वाद्य कोणासाठी आहे ते कळणार नाही. मी लालबागचा, शाळेत असल्यापासून गणपतीत बेंजो वाजवलाय. बेंजोला बटणं असतात, बटण दाबलं की तो सूर, दोन बटणांच्या मधल्या जागेत काहीच नाही. मग ऑर्केस्ट्रात मँडोलिन हातात आलं, नेहमीचं आठ तारांचं, म्हणजे चार जोड्या. जुन्या हिंदी गाण्यांतले पीस त्यावर मस्त बसतात, ती तार छेडायच्या पिकची थरथर, ट्रेमोलो, ते मला जमायचं, लोक वन्स मोअर द्यायचे, आणि मला वाटायचं आपल्याला मँडोलिन येतं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले लक्ष्मीकांत स्वतः मँडोलिन वाजवायचे हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही.

मग एका रात्री मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणारे मँडोलिन श्रीनिवास ऐकले. उशिरा ऐकले, १९ सप्टेंबर २०१४ ला ते चेन्नईत गेले होते, फक्त ४५ वर्षांचे, आणि मी त्यानंतर ऐकतोय. कर्नाटकी तोडी रागाचा आलाप होता. पहिली दोन मिनिटं मला कळेचना की हे मँडोलिन आहे, कारण सूर गळ्यातून आल्यासारखा हलत होता आणि मँडोलिनचा सूर तर असा हलत नाही, तो टिणकन वाजतो आणि विरतो, म्हणूनच तर आपण ट्रेमोलो करतो.

त्यानंतर त्यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो. जन्म १९६९, आंध्रातलं पालकोल्लू गाव, वडील क्लॅरिनेट आणि मँडोलिन वाजवायचे, त्यांचंच मँडोलिन पोराने उचललं. वडिलांचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू, ते चेंबै वैद्यनाथ भागवतारांचे शिष्य, म्हणजे गाणारे. सुब्बराजूंना मँडोलिन वाजवता यायचंच नाही! ते गायचे आणि सहा वर्षांचा श्रीनिवास ते मँडोलिनवर काढायचा. हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. बोट कुठे ठेव, पिक कशी मार, हे सांगणारं कोणीच नाही, समोर फक्त एक गळा, आणि त्या गळ्यात जे होतंय ते या पडद्यांच्या (बोट टेकवायच्या धातूच्या पट्ट्यांच्या) वाद्यातून कसं काढायचं ते पोराने स्वतः शोधायचं. १९७८ ला गुडिवाड्याच्या त्यागराज उत्सवात पहिली मैफल, म्हणजे वय नऊ. १९८१ ला मद्रासला, तिथल्या डिसेंबरच्या मैफलींच्या सीझनमध्ये. १९८३ ला बर्लिनचा जॅझ फेस्टिव्हल. विलायती वाद्यावर कर्नाटक संगीत होतं का असं विचारणाऱ्यांसमोर एवढा लहान मुलगा बसून वाजवत होता.

आणि या वाढीत वाद्यही बदललं, माझ्या खरेदीचा संबंध तिथे येतो. त्यांनी जोडतारा सोडल्या, एकेरी पाच तारा घेतल्या, आणि इलेक्ट्रिक. का ते मला वाचून नीट कळलं नव्हतं, हातात घेतल्यावर कळलं. जोडीच्या दोन तारा बोटाने ओढल्या तर दोन्ही एकसारख्या कधीच ओढल्या जात नाहीत, एक जरा जास्त चढते, एक मागे राहते, आणि दोघींचं भांडण ऐकू येतं. शिवाय जोडी ताणलेली असते, बोटाला दोन घळी पडतात आणि सूर जेमतेम अर्धा चढतो. एकेरी तार निमूट येते. आणि पिकअपमुळे, म्हणजे तारेची थरथर पकडून अँपला देणाऱ्या भागामुळे, सूर लांब टिकतो, म्हणजे एकदा छेडलं की त्याच आवाजात वर जाऊन परत खाली यायला वेळ मिळतो. साध्या मँडोलिनवर तेवढ्यात आवाज संपलेला असतो. (माहीमला राहणारे संगीतकार सज्जाद हुसैन आठ तारांच्या मँडोलिनवरच मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, काढून रागदारी वाजवायचे. ते कसं करत असतील हे मला अजूनही कळत नाही, आता तर जास्तच कळत नाही.)

आता वाद्य. बॉडी भरीव लाकडाची, पोकळ नाही, त्यामुळे अँपशिवाय आवाज जवळजवळ नाहीच. आमच्यासारख्या चाळीत राहणाऱ्याला हे वरदान आहे, रात्री अकराला हेडफोन लावून बसतो, शेजारच्या काकू उठत नाहीत. पडदे मुद्दाम उंच घेतले, कारण तार ओढताना बोट लाकडाला घासलं की तार अडते. सा प सा प सा असं लावतो. वरच्या तारेला गिटारची १० नंबरची चालते, कुठेही मिळते, आणि सा थोडा खालचा धरला की तार सैल राहते आणि ओढायला बरी पडते.

तक्रारी. एक, सहा आठवडे सांगितले होते, अकरा लागले. दोन, आलं तेव्हा घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची, जागाच चुकलेली, मोकळी तार सुरात आणि बाराव्या पडद्यावर सूर चढा, वर जाल तसं अजून चढा. तीन फेऱ्या मारल्या, शेवटी घोडी मागे सरकवून दिली तेव्हा बारावा पडदा जुळला. म्हणून सांगतो, घरी नेण्याआधी तिथेच बाराव्या पडद्याचा सूर तपासा, ट्यूनर घेऊन जा, लाजू नका. तीन, गुणगुण. आमच्या बिल्डिंगचं अर्थिंग धड नाही, त्यात पिकअपच्या खाचेला आतून काही लावलेलं नव्हतं, मी तांब्याची टेप आणून लावली तेव्हा आवाज बसला. हे बनवणाऱ्याने करून द्यायला हवं होतं. चार, सगळ्यात जाड तार. एवढ्याशा लांबीत खर्जाचा सा काढायचा म्हणजे तार जाडच लागते आणि ती थोडी ढब्ब वाजते. यात त्या माणसाचा दोष नाही, मँडोलिनची लांबीच तेवढी. पण टेपचा आणि घोडीचा मिळून अर्धा स्टार मी कापलाय.

मग पहिल्या आठवड्यात दोन स्टार का देणार होतो? कारण वाद्य आलं आणि मी तेच वाजवलं जे आधी वाजवत होतो, आणि ते वाईट वाजलं. ट्रेमोलो पातळ, जोडतारांची ती चकाकी गायब, ऑर्केस्ट्रातले मित्र म्हणाले पैसे बुडाले. मग माटुंग्याला एक बाई कर्नाटक गायन शिकवतात त्यांच्याकडे गेलो. मी वाद्य काढत होतो तर म्हणाल्या, राहू दे, आधी गा. मला गाता येत नाही म्हटलं. म्हणाल्या, म्हणूनच. दोन महिने त्यांनी शिकवणीत वाद्य पिशवीतून बाहेर काढू दिलं नाही, मायामाळवगौळ रागातल्या सरळी (सुरुवातीचे सूरपाठ), म्हणजे आपल्या भैरवचेच सूर, सा रे ग म हाताने ताल धरत गायचे, एवढंच. मला सुब्बराजूंची आठवण यायची.

आता तोडीचा गंधार घोटतोय. सूर आपल्या भैरवीचे, पण हा गंधार एका जागी उभाच राहत नाही, रिषभ आणि मध्यम यांच्यामध्ये झुलतो. रिषभाच्या पडद्यावर बोट ठेवायचं, एकदाच छेडायचं, तार ओढत मध्यमाच्या अंगाला न्यायची आणि पूर्ण न सोडता परत आणायची. आधी गाऊन घेतलं तर दहातून चार वेळा येतो. न गाता नुसतं बोटाने केलं तर एकदाही नाही, तार कितीही चांगली असली तरी.

२८,००० ला पडलं, अँप वेगळा. फक्त फिल्मी पीस वाजवायचे असतील तर घेऊ नका, आठ तारांचंच ठेवा, ती चकाकी यात नाही. मींड हवी असेल आणि रोज तासभर गायची तयारी असेल तर डोळे मिटून घ्या. लालबाग-परळकडे कोणाला हातात घेऊन बघायचं असेल तर रविवारी सकाळी मी घरीच असतो, आठ तारांचं पण ठेवलंय, दोन्हीवर तोच गंधार ओढून बघा.