देवऋषी की मनोविश्लेषक? स्वतःला समजून घ्यायचं तर कुठे जावं

खानापूर-निपाणीकडच्या माणसाला देवऋषी कोण हे सांगायला नको. सैबेरियातला शमन, म्हणजे तिकडचा देवऋषीच, ढोलाच्या ठेक्यावर स्वतः परलोकात जाऊन येतो, आपल्याकडे यल्लम्मा किंवा मायाक्का अंगात येते, एवढा फरक. उत्तर मात्र दोन्हीकडे समोरूनच मिळतं. मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्येच हे नेमकं टिपलं: शमन बोलतो, रोगी ऐकतो, मनोविश्लेषणात रोगी बोलतो, विश्लेषक ऐकतो.

देवऋषीचं बळ मोठं आहे. अमावास्येला गाऱ्हाणं घातलं की त्याच बैठकीत निकाल. घरात कुणी मनावर न घेतलेलं सुनेचं दुखणं देवीच्या तोंडून निघालं की सासराही हात जोडून ऐकतो. आणि सगळं आपल्या बोलीत, मधल्या कानडी शब्दांसकट.

माझं मन अडलं ते एका गोष्टीवर. उत्तर बहुतेक वेळा बाहेर बोट दाखवतं: करणी, बाधा, राहिलेला नवस, भावकीतलं कुणीतरी. लिंबू-नारळ उतरवला की हलकं वाटतं, पण भावाचा मला एवढा राग का येतो, हे विचारायचं राहूनच जातं. वर बांधावरच्या भांडणाला संशयाचं खतपाणी.

विश्लेषणात या प्रश्नातून सुटका नाही. कोचावर आडवं व्हायचं, विश्लेषक डोक्यामागे बसतो. ४५-५० मिनिटं, आठवड्यातून ४-५ दिवस, काही वर्षं. मनात येईल ते न गाळता बोलायचं. मग एक दिवस काहीच सुचत नाही, त्याच्या गप्प बसण्याचा संताप येतो आणि पुष्कळजण तिथेच सोडून देतात. हा संताप बहुधा वडिलांवरचा किंवा भावावरचा जुना असतो. तो गिळू नये, तिथेच बोलून दाखवावा. खरं काम तिथून सुरू होतं.

वेळ आणि पैसा दोन्ही जातो, हे खरंच. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली, तेव्हापासून ही विद्या भारतात आहे; पण पाटी लावणारा प्रत्येक समुपदेशक विश्लेषक नसतो. ‘तुमचं स्वतःचं विश्लेषण झालंय का?’ असं सरळ विचारा. शक्यतो मराठी कळणारा शोधा, व्हिडिओवर का असेना; स्वप्नं आणि शिव्या इंग्रजीत सांगताना निम्मं गळून जातं. आवाज ऐकू येत असतील किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर या दोन्ही वाटा बाजूला ठेवून आधी धारवाडचं मनोरुग्णांचं सरकारी रुग्णालय डिमहान्स गाठा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.