मेलबर्न कप समजून घ्यायचाय? आधी या घोड्याला भेटा (मेलबर्न म्युझियम, फार लॅप)

आईबाबा पुण्याहून आले होते आणि नेमका नोव्हेंबरचा पहिला मंगळवार म्हणजे कपची सुट्टी, इथे घोड्यांच्या शर्यतीसाठी अख्ख्या शहराला सरकारी सुट्टी असते हे आईला अजून खरं वाटत नाही. बाबांना फ्लेमिंग्टनलाच (जिथे कप होतो ते रेसकोर्स) जायचं होतं कारण त्यांची तरुणपणी पुणे रेसकोर्सला बरीच हजेरी असायची (आईसमोर हा विषय काढत नाही आम्ही). पण त्या गर्दीत आईचे गुडघे कुठे टिकणार, म्हणून मग सकाळी कार्लटनला म्युझियम आणि दुपारी घरी टीव्हीवर रेस असं ठरवलं.

आई म्हणाली, "अहो, मेलेला घोडा बघायला कोणी एवढं लांब जातं का?" आणि मग तीच सगळ्यात जास्त वेळ तिथे उभी होती!

काचेत उभा आहे फार लॅप. तांबूस रंग, सतरा हँड उंच (घोडे मोजायचं माप, एक हँड म्हणजे चार इंच), म्हणजे नुसता खांदाच माझ्या उंचीचा, आणि न्यूयॉर्कच्या कारागिरांनी कातडं असं चढवलंय की खालच्या शिरासुद्धा दिसतात, आत्ता फुरफुरेल असं वाटतं. जन्म न्यूझीलंडचा, लिलावात 160 गिनीला (जुनं ब्रिटिश चलन) घेतलेला, सुरुवातीला पळायचाही नाही धड. नंतर मात्र 51 शर्यतींत 37 जिंकला. 1930 च्या कपआधीच्या शनिवारी सकाळी त्याच्यावर गोळी झाडली कोणीतरी, नेम चुकला, त्याच दुपारी गडी एक शर्यत जिंकला आणि मंगळवारी कपपण!

बाबांनी खरी गोष्ट पुढे सांगितली. कप ही हँडिकॅप शर्यत आहे, जितका घोडा चांगला तितकं पाठीवर वजन जास्त. 1930 ला साडेबासष्ट किलोच्या आसपास होतं, 1931 ला थेट 68 किलो लादलं आणि हा आठवा आला. बाबा म्हणाले, "चांगलं काम करतोय ना, मग अजून लादा, आमच्या बँकेत हेच चालायचं." शेजारचा एक आजोबा आम्ही का हसतोय म्हणून बघायला लागला.

1932 मध्ये अमेरिकेत अचानक मेला, विष घातलं की आजार यावर इथे अजून वाद घालतात लोक. आणि मग वाटणी झाली हो: कातडं मेलबर्नला, हृदय कॅनबेराला, सांगाडा वेलिंग्टनला. हृदय 6.2 किलोचं, साधारण घोड्याचं चारच्या आसपास असतं. 2010 ला दीडशेव्या कपसाठी सांगाडा इथे आणून कातड्याशेजारी ठेवला होता, ते बघायला हवं होतं राव.

बघण्याच्या टिप्स म्हणाल तर फक्त फार लॅपसाठी गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत होतं, पण त्याच तिकिटात डायनासोर वगैरे सगळं आहे, मुलं असतील तर अर्धा दिवस काढा. बाहेर कुठेतरी कॅफेत खाल्लं, थंडगार पाय (खायचा, इंग्रजी pie) आणि वर सुट्टीचा जास्तीचा चार्ज, डबा घेऊन जा सरळ.

दुपारी तीनला घरी टीव्ही लावला. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला घोडे वाटले, इथे ऑफिसात पण असंच करतात, प्रत्येकी दोन डॉलर. 3200 मीटर, जास्तीत जास्त 24 घोडे, सव्वातीन मिनिटांत खेळ खलास. बाबांनी 2015 चं सांगितलं, मिशेल पेन ही कप जिंकणारी पहिली बाई जॉकी आणि तिच्या घोड्याचा भाव एकाला शंभर, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कोणालाच वाटत नव्हतं! आईचा घोडा कुठेतरी मागून आला, तिने टीव्ही बंद करायच्या आधी विचारलं, "आता याच्यावर वजन कमी टाकतील ना पुढच्या वेळी?"

पाचपैकी पाच स्टार, घोड्याला.