दुर्मिळ वनस्पतीवर रिसर्च पेपर लिहायची कार्यशाळा, धुळे: पहिला दिवस सोडा, दुसऱ्या दिवसाला जा

मी शहाद्याकडे बॉटनीला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो, एमएस्सीची सहा पोरं घेऊन गेलो होतो. फी माणशी ५०० रुपये, दोन दिवसांचं चहा-जेवण धरून. आयोजकांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये.

पहिला दिवस म्हणजे नुसते सत्कार. दहाचं उद्घाटन साडेअकराला, शाल-नारळ, प्रास्ताविक, मग प्रास्ताविकाचं कौतुक करणारं भाषण... आणि मागे बॅनरवर सेरोपेजिया बल्बोसा लिहिलेलं, त्यात बल्बोसाचा बी कॅपिटल! जातीचं नाव स्मॉलमध्ये असतं हे आम्ही एफवायच्या पोरांना शिकवतो हो. दुपारी कोणीतरी पीपीटी वाचून दाखवली, इंट्रोडक्शन, मेथड्स, रिझल्ट, डिस्कशन, हे सगळं पोरांना मोबाईलवर मिळतंच. शेवभाजी मात्र एक नंबर, तर्री अशी की जेवणानंतर अर्धा हॉल डुलक्या घेत होता.

दुसऱ्या दिवशी एक रिटायर्ड सर आले, पीपीटी नाही काही नाही, हातात लाल पेन. म्हणे जे लिहून आणलंय ते काढा.

माझा एक विद्यार्थी खरपुडीवर लिहितोय, म्हणजे तीच बॅनरवाली. त्याचं पहिलंच वाक्य, "ही अत्यंत दुर्मिळ वनस्पती सातपुड्याच्या कुशीत आढळते." सरांनी 'अत्यंत दुर्मिळ'ला गोल केला आणि विचारलं, कोणी सांगितलं? पोरगं घाबरलं की थेट अहिराणीवर येतं, "सर, भू फिरनूत आम्ही, तीनच वेल सापडनात." कितीदा गेलात? दोनदा. कधी? एकदा मे महिन्यात, एकदा जूनच्या शेवटी. सर हसायलाच लागले, अरे ही कंदाची वेल, उन्हाळ्यात वर काहीच राहत नाही, नुसता कंद जमिनीत, मे महिन्यात तर ती सगळीकडेच दुर्मिळ! आणि ही गुजरात, राजस्थान, दक्षिणेत पण आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने १७९५ मध्ये वर्णन छापलं ते तिकडच्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींच्या ग्रंथात, तेव्हा आपल्या शिवारात कमी दिसते एवढंच म्हणायचं, दुर्मिळ म्हणायचं नाही. आययूसीएनच्या (धोक्यातल्या जातींची लाल यादी करणारी जागतिक संस्था) आत्ताच्या वर्गवारीत 'रेअर' असा कप्पाच नाहीये हे मला माहीत होतं, पण पोरांच्या वहीत मी ते कधी खोडलं नव्हतं, खरं सांगतो.

मग वाक्य बदललं, "जूनच्या शेवटी दोन ठिकाणी मिळून तीन वेल दिसले, एकालाही फूल नव्हतं." मी म्हटलं झालं बुवा. तर सर म्हणे, फूल नव्हतं तर ओळखलं कशावरून? पानांवरून, पोरगं म्हणालं. आणि तिथेच अडकलं, कारण या जातीची पानं कुठे गवतासारखी अरुंद तर कुठे गोल, पानावर भरवसाच नाही. फूल पाहिजे, तो कंदिलासारखा आकार, आत खाली वळलेले केस ज्यात बारीक माश्या अडकतात आणि केस सुकले की सुटतात. म्हणजे फुलोऱ्यात पुन्हा जायचं, फांदी दाबून हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना) करायची, तिचा नंबर घेऊन तो पेपरात द्यायचा. शीट नसेल तर तुम्ही काय पाहिलं ते कोणी कसं तपासणार? कंद मात्र उपटायचा नाही.

अजून एक, जीपीएसचे पूर्ण आकडे छापू नका, कंद खणून नेणारे पण पेपर वाचतात. म्हणून मी पण इथे गावाचं नाव लिहीत नाहीये.

आणि हे सगळं तीन तासांत उरकलं, चाळीस पोरांपैकी जेमतेम बारा जणांचं लिखाण तपासून झालं. पहिल्या दिवशीचे सत्कार कापले असते तर सगळ्यांचं झालं असतं. पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन एकट्या सरांचे. जाणार असाल तर स्वतःचं लिहिलेलं पान नेच, कोरं जाल तर काही हाती लागणार नाही, आणि सरांशेजारची खुर्ची धरा, माईक चालत नव्हता.

प्रमाणपत्रं आली, त्यात पण बी कॅपिटलच. व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्ती मागितलीये, निळी टिक आली, उत्तर नाही.