नाकाची सर्जरी सोलापुरात: डॉक्टरांना पूर्ण मार्क, काउंटरला नाहीत

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण बिलाबद्दल जे सांगायचंय ते काही चांगलं नाही. बाकी अनुभव मात्र लिहायलाच हवा. नाकाचं ऑपरेशन करायचं म्हटलं की आपल्याकडे लोक एक तर हसतात, नाही तर घाबरवतात.

नाकावरचा उंचवटा काढायचा आणि खाली झुकलेलं टोक थोडं वर घ्यायचं, एवढंच माझं म्हणणं होतं. पुण्याला का जात नाहीस, हे घरात आणि ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, ते ठीक. पण पट्टी काढायला, टाके बघायला, सूज दाखवायला दर वेळी सुजलेलं तोंड घेऊन चार-चार तास गाडीत कोण बसणार? इथल्या सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. ही पदवी होती आणि नाकाचीच कामं बरीच केलेली होती. मला तेवढं पुरेसं वाटलं.

पहिल्या भेटीत त्यांनी नाकाला हात लावायच्या आधी विचारलं, "हे तुम्हाला हवंय की दुसऱ्या कुणाला?" आईनं लगेच स्थळांचं सुरू केलं. तिला म्हणाले, "काकू, त्यांना बोलू द्या." मला तो माणूस तिथंच पटला. मग समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून फोटो काढले. टोकाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, कातडी जाड आहे, आत कितीही कोरलं तरी टोक रेखीव दिसणार नाही. कॉम्प्युटरवर नवं नाक करून दाखवलं, पण प्रिंट काही दिली नाही. "हा अंदाज आहे, असंच होईल असं लिहून देणार नाही," म्हणाले. एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावला, तेव्हा आतला पडदाही वाकडा निघाला. तो त्याच वेळी सरळ करायचा आणि त्यातलीच थोडी कूर्चा टोकाला आधार म्हणून वापरायची, असं ठरलं.

आईचा शेवटचा प्रश्न, दोन महिन्यांत सगळं बसेल ना? उत्तर मिळालं की वरवरची सूज तेवढ्यात बरीच उतरते, पण टोकाची पूर्ण उतरायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. लग्नाची तारीख ठरलेली असेल तर मी लगेच करत नाही, हेही सांगून टाकलं. आईचं तोंड पडलं, पण हे आधी सांगणारा डॉक्टर मिळणं हीच या सगळ्यातली मोठी गोष्ट आहे.

वेटिंग रूममध्ये सुश्रुताचं चित्र लावलंय. गालाच्या कातडीनं नाक जोडायची त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत असते. मला जास्त भारी वाटतो तो पुण्याकडचा किस्सा. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं आणि आपल्याकडच्याच एका कारागिरानं कपाळाची कातडी फिरवून ते पुन्हा बसवलं. 1794 मध्ये ही हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली, तेव्हा तिकडचे डॉक्टर कामाला लागले. आणि ते नाक बसवलं तेही भुलीशिवाय, बघा.

मला मात्र पूर्ण भूल दिली. गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची गर्दी ओसरल्यावरची तारीख मुद्दामच घेतली होती. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, घामानं पट्टी सुटणार आणि ताज्या डागांवर ऊन लागणार. ऑपरेशनच्या सकाळी माझी चमकी निघेना. धातू अंगावर चालत नाही, रक्त थांबवायच्या मशीननं तिथं भाजू शकतं. दहावीपासून न काढलेला मळसूत्राच्या फिरकीतला तो खिळा एका सिस्टरनं खोबरेल लावून, नाकपुडीत बोट घालून, मला केरळच्या गप्पा सांगत सोडवला. त्या बाईंना वेगळे पाच स्टार.

दुखतं किती, हे सगळे विचारतात. नाक फारसं दुखत नाही. त्रास आहे तो नाक बंद असण्याचा. तोंडानं श्वास घेऊन घसा कोरडा पडतो आणि रात्रभर झोप लागत नाही. शुद्धीवर आल्यावर काळपट उलटी झाली. गिळलेलं रक्त असतं, घाबरू नका. डोळ्यांखाली जांभळं झालं, ते पिवळं पडत पडत दोनेक आठवड्यांत गेलं. तोवर मावशी बघायला आली आणि दारातूनच ओरडली, "कोण मारलं की गं तुला?"

डोकं उंच ठेवून झोपायचं, तर घरातल्या चादरींच्या घड्या पाठीशी लावल्या. कडक भाकरी बंद, कारण जोरात चावलं की वरचा ओठ आणि त्याबरोबर नाक ओढलं जातं. नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. आईनं मिरचीची फोडणी टाकली त्या दिवशी हे प्रत्यक्षात केलं, घरभर आवाज. चष्म्याचं कुणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिते. चार ते सहा आठवडे नाकावर चष्मा टेकवायचा नाही. मला चष्म्याशिवाय कॉम्प्युटरवरचं हिशेबाचं टॅली दिसत नाही. शेवटी कागदी चिकटपट्टीनं चष्मा कपाळाला टांगला आणि तसंच जीएसटीचं काम केलं.

पट्टी निघाली तेव्हा नाक बटाट्यासारखं दिसत होतं, टोक वर उचललेलं. मी रडले. डॉक्टर म्हणाले, सगळ्याच रडतात, फोटो आज काढू नका. हळूहळू बसत गेलं. आता उंचवटा नाही, श्वास दोन्हीकडून मोकळा आहे. टोकाला हात लावला तर अजून थोडं बधिर वाटतं आणि सकाळी सूज जास्त असते. ओळखीच्यांतल्या निम्म्या लोकांना काय बदललंय ते सांगता येत नाही. मला हेच हवं होतं.

आता काउंटर. आधी तोंडी आकडा सांगितला सव्वा लाख. डिस्चार्जच्या दिवशी त्यात भूलतज्ज्ञाची फी, आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या आणि औषधं वेगळी निघाली. वर जीएसटी. दिसण्यासाठी केलेल्या सर्जरीला तो लागतो, बाकीच्या उपचारांना नाही. हा कायदाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी दिवसभर जीएसटीची रिटर्न भरणारी बाई, मला आधी सांगितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पडद्याच्या कामाचं बिल मेडिक्लेमसाठी वेगळं करून मागितलं, तर "सिस्टिममध्ये बसत नाही" म्हणाले. दिसण्याच्या भागाला मेडिक्लेम मिळत नाहीच, पण श्वासाचा भाग निदान विमा कंपनीपुढे ठेवता आला असता. डॉक्टरांच्या कानावर घातलं, ते म्हणाले काउंटरशी बोला.

पाचपैकी साडेतीन. फेरतपासणीचे पैसे घेत नाहीत, पण सोमवारी जाऊ नका, भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगची रांग असते. सकाळी साडेअकराला नंबर लावूनही दुपार होते आणि खालची पार्किंग तर त्या दिवशी मिळतच नाही.